सवाईच्या मंडपात बसून साध्या डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढायचेत, कसे काढू?

केशरीसांज
नमस्कार मंडळी, डिसेंबर आला की घरात सवाईचे, म्हणजे पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाचे वेध लागतात, यंदाही मी आणि आई भारतीय बैठकीत बसणार आहोत. मोबाईलने काढलेले फोटो बघवत नाहीत, गायकाचा चेहरा म्हणजे नुसता पांढरा ठिपका आणि बाकी सगळं पिवळट, त्यामुळे या वेळी मोबाईल पिशवीत ठेवून मामाने दिलेला छोटा कॅमेरा न्यायचा विचार आहे. सोनी सायबरशॉट डब्ल्यू ८३०, आठ पट झूम, मॅन्युअल मोड वगैरे काही नाही त्यात. मोठा कॅमेरा घ्यायची इच्छा नाही आणि ऐपतही नाही, आणि खरं सांगायचं तर मला पेपरात छापून येतात तसे फोटो नकोच आहेत, मला हवाय तो मंडप, ते तंबोरे, आणि गाणं ऐकताना आईचा चेहरा जसा होतो तो. स्टेजपासून साधारण वीस मीटरवर जागा मिळते. फ्लॅश लावू का, कुठला मोड ठेवू, झूम किती करू, सगळंच विचारायचंय. जमेल तसं सांगा.

घाटवाट
फ्लॅश बंद. सगळ्यात आधी हेच. या कॅमेऱ्यांचा फ्लॅश तीन-चार मीटरच्या पुढे पोचत नाही, आणि अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. वीस मीटरवरच्या गायकावर त्याचा काही परिणाम होणार नाही, फोटोत फक्त पुढच्या दोन रांगांमधली डोकी उजळून निघतील आणि कॅमेरा त्या डोक्यांवर समाधान मानून स्टेज काळं करेल. शिवाय गाणाऱ्याला आणि शेजाऱ्याला त्रास होतो तो वेगळाच. फोकसला मदत करणारा तो नारिंगी दिवा असतो ना पुढे, तोही मेन्यूत जाऊन बंद कर, आणि बीपचा आवाज पण.

सप्तकातला_नी
वाचतोय. माझ्याकडे कॅननचा इक्सस १८५ आहे, त्यालाही हेच लागू होईल ना?

घाटवाट
@सप्तकातला_नी बहुतेक सगळं लागू. एक फरक आहे, डब्ल्यू ८३० मध्ये हात हलला तर लेन्समधूनच थोडं सावरून घेतलं जातं, १८५ मध्ये ती सोय लेन्समध्ये नाहीये, त्यामुळे तुम्हाला कॅमेरा जास्त घट्ट धरावा लागेल.

आता झूमबद्दल, कारण नव्वद टक्के घोळ तिथेच होतो. केशरीसांज, तुझ्या कॅमेऱ्याच्या लेन्सवर एफ ३.३ ते ६.३ असं लिहिलेलं असेल. म्हणजे झूम न करता लेन्सचं उजेड आत सोडणारं छिद्र ३.३ चं आणि पूर्ण झूम केल्यावर ६.३ चं (आकडा मोठा तेवढं छिद्र लहान), म्हणजे पूर्ण झूमला आत येणारा उजेड साधारण पावपट होतो. समजा वाईडला, म्हणजे झूम न करता, कॅमेरा शटर सेकंदाचा शंभरावा भाग उघडं ठेवत होता, तर त्याच स्टेजवर पूर्ण झूमला तो सत्ताविसावा-अठ्ठाविसावा भाग उघडं ठेवणार. आणि झूम केल्यावर हाताचं हलणं आठ पट मोठं दिसतं. पूर्ण झूमला लेन्स २०० मिमीची होते (हा आकडा मोठा तेवढं दूरचं जवळ दिसतं), तेव्हा हातात धरून साफ फोटो यायला किमान दोनशेवा भाग लागतो असा जुना अंदाज आहे, लेन्सच्या सावरण्यामुळे त्यात बरीच सूट मिळते पण एवढी नाही. त्यामुळे फोटो हलतो, आणि लोक म्हणतात कॅमेरा बेकार आहे.

वीस मीटरवरून २०० मिमीला चौकटीत साधारण साडेतीन मीटर रुंदी येते, म्हणजे गायक आणि दोन्ही बाजूंची साथ थोडी थोडी. पूर्ण वाईडला जवळपास एकोणतीस मीटर, म्हणजे अख्खं स्टेज, कमान, पुढची डोकी सगळंच. मी म्हणेन वाईडला किंवा फार तर दोन-तीन पट झूमला राहा, जो फोटो हलला नाही तो नंतर कापून छोटा करता येतो, वीस मेगापिक्सेल आहेत, भरपूर जागा आहे. डिजिटल झूम मात्र कायमचा बंद करून टाक, तो कॅमेऱ्यातच फोटो कापून फुगवतो, बाकी काही करत नाही.

पेठकरी_आजोबा
फार चांगला धागा. मी रमणबागेतल्या सवाईला फिल्मवर फोटो काढत असे, ४०० चा रोल, ३६ फोटो, आणि तेवढ्यात अख्खी रात्र भागवायची. त्या वेळी कार्यक्रम रात्रभर चालायचा, पहाटे मंडपाच्या कडेने उजेड आत यायला लागायचा आणि पंडित भीमसेन जोशी समारोपाला बसायचे. १९५३ साली भीमसेनजींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला, तेव्हापासून कितीतरी जणांनी कितीतरी कॅमेऱ्यांनी तो टिपला असेल, तेव्हा पोरी, साधा कॅमेरा आहे म्हणून संकोच करू नकोस.

मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत सापडणार नाही. तुझ्या या छोट्या कॅमेऱ्याला बटण दाबल्यावर फोकस करून फोटो घ्यायला वेळ लागतो, गायकाचा हात वर गेलेला दिसला म्हणून तू बटण दाबलंस तर फोटोत हात खाली आलेला असतो. बाहेरचा माणूस इथे हरतो. पण तू गाणं ऐकणारी आहेस. तिहाई, म्हणजे एकच तुकडा लागोपाठ तीनदा घेऊन समेवर येणं, सुरू झाली की तुला समेची, तालाच्या पहिल्या मात्रेची, चाहूल आधीच लागते. पहिल्या आवर्तीला कॅमेरा उचलायचा, दुसऱ्या आवर्तीला बटण अर्धं दाबून फोकस धरून ठेवायचा, आणि तिसरी समेवर यायच्या किंचित आधी बटण पूर्ण दाबायचं. समेला गायकाची मान तबल्याकडे वळते, तबलजी हसतो, हार्मोनियमवाला वर बघतो, तिघांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी काहीतरी घडतं. ज्याला ताल कळत नाही त्याला लाखाचा कॅमेरा घेऊनही तो क्षण नशिबानेच मिळतो. तुला तो आधी कळणार आहे, हे तुझं भांडवल.

घाटवाट
आजोबा, __/\__. मी इतकी वर्षं शटर लॅगवर, म्हणजे बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंतच्या उशिरावर लिहितोय, पण तिहाईचं हे कधी डोक्यातच आलं नाही.

मध्यरात्रीचा_चहा
थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. मंडपात माझ्यापुढे बसलेला माणूस विलंबित (संथ लयीतलं गाणं) चालू असताना पडदा लखलखता ठेवून फोटो काढत असतो तेव्हा माझं गाणं मोडतं. डोळे मिटले तरी पापण्यांवर तो उजेड जाणवतो. लोक नोकरीतून रजा काढून, परगावाहून येऊन बसलेले असतात. आपल्या फोटोसाठी दुसऱ्याच्या ऐकण्यात खंड पडत असेल तर कॅमेरा घरी राहिलेला बरा, असं मला मनापासून वाटतं.

केशरीसांज
नाही नाही, राग कसला, हा मुद्दा मलाही महत्त्वाचा वाटतो. आईलाही तेच आवडत नाही. तुम्ही सांगा, कधी काढला तर तुम्हाला चालेल?

मध्यरात्रीचा_चहा
विचारलंत म्हणून सांगतो. कलाकार येऊन बसतात, तंबोरे जुळवतात, माईकवाल्याला खुणा करतात, ती दहा मिनिटं तुमची. दिवे पूर्ण असतात, लोकही स्थिरस्थावर होत असतात. मग आलाप आणि विलंबित पूर्ण सोडून द्या. द्रुत (जलद लयीतलं) रंगात आलं, टाळ्या पडायला लागल्या की पुन्हा काढा. आणि कॅमेरा डोक्यावर धरू नका, छातीपाशी धरा. बैठकीत मागच्याला तुमच्या डोक्याच्या वर उचललेला हातच नडतो. पडद्याची ब्राइटनेस अगदी कमीवर ठेवा. एवढं पाळलं तर माझी काही तक्रार नाही.

रेवाकाठ
+१. आणि सगळ्यात आधी यंदाच्या प्रवेशिकेवर आणि दारातल्या फलकावर फोटोबद्दल काय लिहिलंय ते वाचा, मनाई असेल तर विषय संपला. रेकॉर्डिंग तर करूच नका, कलाकाराच्या परवानगीशिवाय ते करणं बरोबर नाही.

घाटवाट
मोडबद्दल राहिलं होतं. प्रोग्रॅम ऑटो ठेव. मॅन्युअल नसलं तरी तीन गोष्टी हातात आहेत.

एक म्हणजे ईव्ही, फोटो किती उजळ किंवा गडद हवा ते सांगायची सोय. कॅमेरा सगळ्या चौकटीचा सरासरी उजेड बघतो, मंडपात चौकटीचा मोठा भाग अंधारा असतो, मग तो बिचारा उजेड वाढवत नेतो आणि पांढरा कुर्ता, पिकलेले केस, चेहरा सगळं जळून जातं. तू जो पांढरा ठिपका म्हणालीस तो हाच. ईव्ही उणे एकवर ने, चेहरा परत येईल. आणि यात एक मोठा फायदा आहे जो फारसं कुणी सांगत नाही, छिद्र आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते सांगणारा आकडा) तेच राहिले तर उणे एकला शटर दुप्पट वेगाने पडतं, म्हणजे फोटो हलायचं प्रमाणही कमी. फुकटात मिळतं हे. तरीही चेहरा जळत असेल तर उणे दीडच्या आसपास जा.

आयएसओ ऑटोवर सोडू नकोस, ४०० ला सुरुवात कर, हलतंय असं वाटलं तर ८००. त्याच्या वर या छोट्या सेन्सरला (आतल्या उजेड टिपणाऱ्या तुकड्याला) झेपत नाही. १/२.३ इंची सेन्सर म्हणजे जेमतेम ६ बाय साडेचार मिलीमीटर, करंगळीच्या नखाहूनही लहान, त्यावर उजेड तरी किती पडणार. जास्त आयएसओला कॅमेरा दाणे पुसायच्या नादात चेहराही पुसून टाकतो, तंबोऱ्याच्या तारा गायब होतात.

तिसरं, व्हाइट बॅलन्स, म्हणजे दिव्याच्या रंगानुसार फोटोचे रंग सावरणं. ऑटो सोडून द्यायचा. दुपारच्या सत्रात मंडपाच्या कापडातून गाळून आलेला दिवसाचा उजेड आणि स्टेजचे दिवे एकमेकांत मिसळलेले असतात, ऑटो दर फोटोला मत बदलतो. तंबोरे जुळत असताना बल्बच्या खुणेवर एक, उन्हाच्या खुणेवर एक काढून बघ, जो बरा वाटेल तो संध्याकाळपर्यंत कायम. अंधार पडला की परत एकदा बघायचं.

धरायचं कसं तर मांडी घालून बसलेली असशील, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकव, तिपाई तयार. श्वास सोडून संपत आला की बटण. बर्स्ट (बटण धरून लागोपाठ फोटो) असेल तर तीन-चार घे, पहिल्यात बोट दाबल्याने कॅमेरा हलतो, मधला सहसा साफ येतो.

सप्तकातला_नी
जागेबद्दल कुणीतरी लिहा ना. मधोमध बसलेलं चांगलं की कडेला?

पेठकरी_आजोबा
ऐकायला मधोमध, फोटोला थोडं कडेला. समोरून माईक बरोबर ओठांवर येतो, सगळे फोटो तोंड झाकलेले. थोडं बाजूला सरकलं की माईक आणि चेहरा वेगळे होतात. ख्यालाच्या बैठकीत गायकाच्या उजव्या हाताला सहसा तबला असतो आणि डावीकडे हार्मोनियम, म्हणजे आपल्याला स्टेजकडे बघताना डावीकडे तबला दिसतो. समेला गायक तबल्याकडे वळतो तेव्हा आपण डाव्या अंगाला बसलेलो असलो तर चेहरा आपल्या बाजूला येतो. स्वरमंडल (मांडीवर घ्यायचं तारांचं वाद्य) घेऊन गाणारे असतील तर त्यावरचा हातही बघावा. मागच्या तंबोऱ्यांवरच्या मुलामुलींना विसरू नका, गुरूच्या तानेला त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते पुष्कळदा गायकाच्या चेहऱ्यापेक्षा बोलकं असतं, आणि ती फारशी हलतही नाहीत.

तबल्यावरचे हात धूसर आले तर तो फोटो टाकून देऊ नका. चेहरा स्थिर आणि हात वाहून गेलेले, तबल्याचा फोटो असाच असायला हवा असं माझं मत आहे. सतार, सरोदलाही तेच.

कांदळवन
गोव्यातून लिहितोय. पणजीला कला अकादमीत बसून काढायचे तर बैठक नाही, खुर्च्या आहेत, तिथे खुर्चीच्या हातावर कोपर टेकवून चांगलं जमतं. सभागृहात स्टेज सोडून बाकी पूर्ण अंधार असतो त्यामुळे ईव्ही उणेचं जे वर लिहिलंय ते तिथे दुप्पट खरं आहे. पडद्याचा उजेडही तिथे जास्त खुपतो, मी कॅमेरा रुमालाच्या आडोशात धरतो.

ड्रॉप_डी
शास्त्रीयवाल्यांच्या धाग्यात घुसतोय, चालेल ना? मी रॉक आणि इलेक्ट्रॉनिकचे शो बघतो, उभ्या गर्दीत, तिथे कोपर टेकवायला गुडघा नसतो आणि बाजूचा उड्या मारत असतो. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईला डी वाय पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेला गेलो होतो, तिथल्यासारख्या अंतराचा हिशोब सांगतो, ऐंशी मीटरवरून २०० मिमीला उभा माणूस चौकटीच्या उंचीच्या सहाव्या भागाएवढा येतो. त्यामुळे गायकाच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पण सगळ्यांच्या मनगटावर ते चमकणारे पट्टे होते, अख्खं स्टेडियम एकदम पिवळं व्हायचं, एकदम निळं व्हायचं, ते वाईडला जे येतं ना, ते बघून अजून अंगावर काटा येतो. कॅमेरा दोन्ही हातांत, त्याचा पट्टा मनगटात अडकवलेला, कोपरं बरगड्यांना दाबून, आणि उड्यांच्या मधल्या शांत कडव्याला काढायचं.

दिवे. निळा किंवा जांभळा एलईडी चेहऱ्यावर असताना काढूच नका, एकच रंग फुटतो आणि चेहऱ्याचं मातेरं होतं, नंतर काळापांढरा केला तरच थोडं वाचतं. समोरून पांढरा किंवा पिवळसर दिवा पडेपर्यंत थांबा, दर गाण्यात एकदा तरी पडतोच. आणि आजोबांचं समेचं इथेही चालतं बरं का! कोरसच्या आधी ड्रमर एक मोठी घसरण घेतो, तिथे अर्धं बटण, कोरसच्या पहिल्या ठोक्याला सगळे दिवे एकदम पेटतात, तिथे पूर्ण. गाणं पाठ असलं की क्षण हातात येतो, मग ते कुठलंही गाणं असो.

घाटवाट
@ड्रॉप_डी भारी. त्यात भर, मोबाईलमध्ये एलईडी पडद्यावर आणि दिव्यांमध्ये जे आडवे पट्टे येतात ते सीसीडी (जुन्या प्रकारच्या) सेन्सरच्या या कॅमेऱ्यांमध्ये सहसा येत नाहीत, कारण सगळा सेन्सर एकाच वेळी उजेड घेतो, ओळीओळीने नाही. उलट व्हिडिओ काढलात तर दिव्यातून वर-खाली उभी जांभळी रेघ जाते, तो बिघाड नाही, सीसीडीचा स्वभाव आहे, फोटोत ती येत नाही. म्हणून यांनी फोटोच काढावेत.

सुपारीची_बाग
माझ्या लेकीला असा जुना डिजिकॅम हवाय, कॉलेजात सगळ्यांकडे आहे म्हणे. सेकंडहँड घेताना काय बघू?

घाटवाट
@सुपारीची_बाग मुंबईत असाल तर फोर्टात बोरा बाजारला फिरा, हातात घेऊन बघता येतं, फोटोवरून ऑनलाइन मागवू नका. लेन्स टॉर्चसमोर धरून आत बुरशीचे धागे आहेत का बघा, आपल्या पावसाळ्यात ती हमखास धरते. लेन्स बाहेर येताना करकरली तर ठेवून द्या. बॅटरी अजून मिळते का ते आधी शोधा, नाहीतर पेन्सिल सेलवर चालणारं मॉडेल घ्या. २००६ च्या आधीचा असेल तर कार्ड २ जीबीपर्यंतचंच चालेल असं धरून चाला, नवीन मोठं कार्ड तो वाचणार नाही. आणि मैफलींसाठीच घ्यायचा असेल, थोडे जास्त पैसे असतील तर २०१० चा कॅनन एस ९५ किंवा २००८ चा पॅनासॉनिक एलएक्स ३ शोधा, दोघांनाही झूम न करता एफ २ मिळतो, सेन्सरही जरा मोठा, मॅन्युअल मोडही आहे.

रेवाकाठ
केशरीसांज, उत्सव झाला, फोटो कुठायत?

केशरीसांज
आले आले, घरी पाहुणे होते म्हणून उशीर. आधी सगळ्यांचे मनापासून आभार. डाव्या अंगाला बसलो, ईव्ही उणे एक, आयएसओ बराच वेळ ४०० आणि रात्री ८००, झूम अगदी थोडा. आणि चेहरे दिसतायत! मुकुंदनगरचा मंडप प्रचंड आहे, दोन्ही बाजूंना मोठे पडदे आहेत, तेही वाईडच्या फोटोत आले आणि स्टेजवरचा छोटा गायक आणि पडद्यावरचा मोठा गायक एकाच चौकटीत आल्यामुळे आम्ही नेमके कुठे बसलो होतो ते त्या एका फोटोत कळतं. आलाप-विलंबितात कॅमेरा ओच्यात ठेवला होता, @मध्यरात्रीचा_चहा, तुमची आठवण ठेवून.

तिहाईचं मात्र सांगायलाच हवं. सुरुवातीला मी समेवर दाबत होते, मग लक्षात आलं की अर्धी मात्रा आधी दाबायला हवं, एकदा ते अंगात बसलं की मजा यायला लागली, मी फोटो काढतेय की ताल धरतेय तेच कळेना. द्रुत एकतालात तबलजी आणि गायिका एकमेकांकडे बघून हसतायत असा एक मिळालाय, थोडा दाणेदार आहे पण हलला नाहीये. आईचा फोटो मात्र स्टेजकडे पाठ करून काढावा लागला असता, ते बरं दिसेना, म्हणून तिच्या तिरकं पुढे बसून खांद्यावरून मागे वळून एकदाच काढला, टाळ्या चालू असताना, स्टेजचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता तेवढ्यात. तिने बघितला आणि म्हणाली मोठा करून दे. आता प्रश्न असा की ८०० आयएसओचा आहे, दाणे दिसतायत, किती मोठी प्रिंट निघेल?

पेठकरी_आजोबा
शाब्बास. अर्धी मात्रा आधी, अगदी बरोबर.

घाटवाट
@केशरीसांज कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठा करून बघू नकोस, तिथे कुठल्याही छोट्या कॅमेऱ्याचा फोटो वाईटच दिसतो. ६ बाय ८ इंच बिनधास्त काढ, कागदावर दाणे दबतात. ८ बाय १२ ला थोडे दिसतील, हातभर लांबून बघितलं तर तेही नाही. नॉईज, म्हणजे दाणे, काढायचं सॉफ्टवेअर अजिबात लावू नकोस, सुरकुत्या पुसल्या जातील. आणि ग्लॉसी नको, मॅट कागद सांग.

केशरीसांज
मॅट, ६ बाय ८. उद्याच देते.